जन्मापासून एकच किडनी आणि गरोदरपण : आम्ही काय पाहतो, कधी पाहतो

एकच किडनी असल्याचं अनेक जणींना कळतं तेच मुळी गरोदरपणाच्या सोनोग्राफीत. तपासणी वेगळ्याच कारणासाठी केलेली असते आणि रिपोर्टात एक ओळ येते : 'डावी किडनी दिसत नाही.' तोवर पंचवीस-तीस वर्षं काही म्हणता काही त्रास झालेला नसतो. साधारण हजार जन्मांमागे एका बाळाला अशी एकच किडनी असते, त्यामुळे प्रसूतिविभागात ही गोष्ट अधूनमधून समोर येतेच. प्रसूतितज्ज्ञ आणि किडनीतज्ज्ञ मिळून आम्ही अशी गरोदरपणं सांभाळतो. त्यात काय पाहतो आणि कशासाठी पाहतो, ते इथे लिहितो आहोत.

पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो : मूल होऊ द्यायचं की नाही? असलेली किडनी नीट काम करत असेल, बीपी नॉर्मल असेल आणि लघवीतून प्रोटीन जात नसेल, तर आमचं उत्तर 'हो' असतं, आणि बहुतेक जणींचं बाळंतपण सुखरूप पार पडतं. या तीनपैकी एक जरी गोष्ट बिघडलेली असली, तरी हिशोब बदलतो. म्हणून शक्य असेल तर गर्भधारणेच्या आधीच या, असं आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. पुढच्या नऊ महिन्यांतला जवळजवळ प्रत्येक निर्णय आधीच्या आकड्यांशी ताडून घ्यावा लागतो. ते आकडेच नसतील, तर अंधारात चाचपडावं लागतं.

'दिसत नाही' आणि 'नाही' यांत फरक आहे. किडनी नेहमीच्या जागी नसली, तरी खाली ओटीपोटात असू शकते. कधी ती गर्भातच नीट न घडता पुढे आक्रसून गेलेली असते. म्हणून सोनोग्राफी करणाऱ्याला आम्ही ओटीपोट मुद्दाम शोधायला सांगतो. तरीही शंका राहिली, तर डीएमएसए स्कॅन करतात. त्यात किरणोत्सारी द्रव्य शिरेतून द्यावं लागतं, त्यामुळे तो गरोदर राहण्याआधीच उरकून घ्यायचा. गरोदरपणात प्रश्न पडलाच, तर रंगद्रव्य न देता एमआरआय करतात. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर एकुलती किडनी ओटीपोटात असेल, तर सिझेरियन करणाऱ्याला ती नेमकी कुठे आहे आणि तिची मूत्रवाहिनी कुठून जाते, हे सुरी हातात घेण्याआधी माहीत असायला हवं.

दुसरी गोष्ट गर्भाशयाची, आणि नेमकी हीच सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. गर्भाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमाराला किडनीचा अंकुर ज्या नळीतून फुटतो, तिच्याच आधाराने थोड्या दिवसांनी, गर्भाशय जिच्यापासून घडतं ती त्या बाजूची नळी खाली वाढत जाते. एका बाजूची पहिली नळीच बिघडली, तर दुसरीलाही वाट सापडत नाही. त्यामुळे एक किडनी नसलेल्या स्त्रियांमध्ये साधारण तिघींपैकी एकीच्या गर्भाशयाची घडण वेगळी असते. कुणाचं गर्भाशय अर्धंच असतं, कुणाची दोन वेगवेगळी असतात, कुणाच्या योनिमार्गात पडदा असतो. दोष बहुतेक वेळा किडनी नसलेल्याच बाजूला असतो. म्हणून किडनीचा रिपोर्ट हातात आला, की आम्ही लगेच विचारतो : पाळी सुरू झाल्यापासून एकाच बाजूला भयंकर दुखायचं का? कधी पडद्याचं ऑपरेशन झालं आहे का? गर्भपात झाले आहेत का?

गर्भाशयाचा आकार पाहायला थ्री-डी सोनोग्राफी पुरते. ती पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात करावी. तेव्हा आतलं अस्तर जाड असतं आणि पोकळीची आकृती स्पष्ट उमटते. गर्भनळ्या मोकळ्या आहेत का हे पाहण्यासाठी औषध सोडून जो एक्स-रे काढतात, त्यावर इथे भिस्त ठेवू नये. अर्ध्या गर्भाशयाला लागून कधीकधी एक छोटं बंद शिंग, म्हणजे न वाढलेल्या दुसऱ्या अर्ध्याचा उरलेला भाग, असतं. मुख्य पोकळीशी त्याचा रस्ता नसला, तर औषध तिथे पोचतच नाही आणि ते शिंग एक्स-रेमध्ये दिसत नाही. पण गर्भ मात्र तिथे रुजू शकतो. तसं झालं, तर ते बहुधा दुसऱ्या तिमाहीत फुटतं, आणि तो रक्तस्राव जिवावर बेततो. असं शिंग असल्याचं आधी कळलं आणि त्यात अस्तर असलं, तर ते आधीच काढून टाकायचा सल्ला देतात. आधी काहीच तपासलेलं नसेल, तर निदान सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ नेमका कोणत्या पोकळीत आहे, याची खात्री करून घ्यावी. 'ठोके दिसले' एवढ्यावर समाधान मानू नये.

आता ते तीन आकडे. पहिला बीपी. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटं शांत बसल्यावर, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून मोजलेला. दंड जाड असेल, तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्ट्याने बीपी उगाच जास्त येतो आणि नको ती गोळी सुरू होते. दुसरा आकडा रक्तातल्या क्रिएटिनिनचा. हा शरीरातला टाकाऊ पदार्थ किडनी गाळून बाहेर टाकते, ती मागे पडली की तो रक्तात वाढतो. तिसरा लघवीतल्या प्रोटीनचा, आणि तो सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन (एक प्रोटीन) आणि क्रिएटिनिन यांचा रेशो काढून घ्यावा. पट्टी बुडवून केलेली तपासणी इथे पुरत नाही. लघवी पातळ असली तर पट्टी प्रोटीन चुकवते, घट्ट असली तर नसलेलं दाखवते. याच भेटीत लघवीचं कल्चरही, म्हणजे तिच्यात जंतू वाढतात का याची तपासणी, करून घेतो. जन्मतः एक किडनी असलेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शात उरलेल्या किडनीकडे लघवी उलटी चढण्याचा दोष असतो, त्यामुळे लहानपणी तापासकट लघवीचं इन्फेक्शन झालं होतं का, हे आईला विचारून यायला सांगतो.

किडनी दान केलेल्या स्त्रियांचे आकडे अनेक जणी वाचून येतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात, दान केल्यानंतरच्या गरोदरपणांत बीपी वाढण्याचं किंवा प्रीएक्लॅम्प्सियाचं (गरोदरपणाच्या उत्तरार्धात बीपी वाढून किडनीसारख्या अवयवांवर ताण आणणारा आजार) प्रमाण ११ टक्के होतं, तर दोन किडन्या असलेल्या तशाच निरोगी स्त्रियांत ५ टक्के. वेळेआधी प्रसूती आणि कमी वजनाचं बाळ यांत मात्र ठळक फरक दिसला नव्हता. हे आकडे धीर देणारे आहेत, पण जशेच्या तसे लागू करू नयेत. दान करणारीची नखशिखांत तपासणी झालेली असते, तिचं गर्भाशयही बहुधा नेहमीच्याच घडणीचं असतं. जन्मतः एक किडनी असलेलीच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे : तिची किडनी गर्भात असल्यापासूनच मोठी होत, जादा काम उचलत आलेली असते. पण ज्या कारणाने एक किडनी घडली नाही, त्याच कारणाने दुसरीतही काही उणीव राहिलेली असू शकते.

क्रिएटिनिन १.४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल, तर बीपी वाढणं, वेळेआधी प्रसूती आणि बाळाची वाढ खुंटणं, या तिन्हींचा धोका चांगलाच वाढतो. २ च्या वर असेल, तर आईची किडनी कायमची आणखी खालावण्याची भीती खरी असते. तिथे 'हो' म्हणण्याआधी आम्ही दोघा नवरा-बायकोला समोर बसवून सगळं उघड सांगतो. गोड बोलून वेळ मारून नेणं ही त्यांची फसवणूक ठरेल.

बीपीची गोळी चालू असेल, तर ती कोणती, ते पाहावं लागतं. सार्टन गटातल्या (औषधाच्या नावाच्या शेवटी 'सार्टन' असलेल्या) गोळ्या गर्भधारणेच्या आधीच बदलायच्या. प्रिल गटातली (नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेली) गोळी लघवीतून जाणारं प्रोटीन अडवण्यासाठी दिलेली असेल, तर किडनीतज्ज्ञ ती कधीकधी गर्भधारणा कळेपर्यंत चालू ठेवतात. मात्र तशा वेळी पाळी चुकताच तपासणी आणि त्याच दिवशी गोळी बंद, अशी शिस्त लागते. गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्या म्हणजे लॅबेटालॉल, निफेडिपिन आणि मिथाइलडोपा.

पहिल्या तिमाहीत काय घडतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळ्यात मोठी चूक इथेच होते. गरोदरपणात किडनीची गाळण्याची क्षमता जवळजवळ निम्म्याने वाढते, एकच किडनी असली तरी ती वाढते. त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन खाली यायला हवं. गरोदर नसताना ०.८ असेल, तर ते ०.५-०.६ च्या आसपास दिसणं अपेक्षित असतं. आता रिपोर्ट बघा. लॅबने कडेला छापलेली नॉर्मल मर्यादा असते ०.६ ते १.१ किंवा तशीच काही. मधल्या रकान्यात ०.९५ आलेलं असतं. लाल अक्षर नाही, बाण नाही, म्हणून कागद फाइलमध्ये लावला जातो. ती मर्यादा गरोदर नसलेल्यांची असते. गरोदरपणात ०.८७ च्या वरचा आकडा असाधारण धरावा आणि त्याचं कारण शोधावं. ०.९५ हा तर ०.५५ वरून वाढत आलेला असेल, तर किडनी बरीच मागे पडली असा त्याचा अर्थ. ईजीएफआर म्हणून किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा जो अंदाजी आकडा त्याच कागदावर येतो, त्याचं गणित गरोदरपणाला लागू पडत नाही, तो बघूच नये.

बाराव्या आठवड्यापासून रात्री झोपताना कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करतो, ७५ ते १५० मिलिग्रॅम. २०१७ च्या ज्या मोठ्या चाचणीत वेळेआधी होणारा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आला, तिच्यात मात्रा १५० होती आणि गोळी ३६ व्या आठवड्यापर्यंत दिली होती. सोळाव्या आठवड्यानंतर सुरू केली, तर फायदा घटतो, कारण वारेच्या रक्तवाहिन्या रुजण्याचा काळ निघून गेलेला असतो. अनेक जणी 'ॲस्पिरिन म्हणजे पेनकिलर, ती किडनीला वाईट' म्हणून गोळी बंद करून टाकतात. एवढ्या कमी मात्रेला तो नियम लागू नाही. अर्थात ॲलर्जी, दमा किंवा रक्तस्रावाचा त्रास असेल, तर आधी सांगायला हवं. आहारातून कॅल्शियम कमी जात असेल, तर त्याच्याही गोळ्या देतो. मुतखडा होऊन गेला असेल, तर मात्र मात्रा विचारपूर्वक ठरवावी लागते.

भेटी २८ व्या आठवड्यापर्यंत दर चार आठवड्यांनी, पुढे ३६ पर्यंत दर दोन, आणि मग दर आठवड्याला. क्रिएटिनिन आणि प्रोटीन निदान प्रत्येक तिमाहीत, सुरुवातीचे आकडे काठावरचे असतील तर दर चार-सहा आठवड्यांनी. बीपी घरीसुद्धा मोजायचा आणि वहीत तारीख-वेळेसकट लिहायचा. आमचं लक्ष्य १३५/८५ च्या आत ठेवण्याचं असतं. १४०/९० दिसला, की फोन करायचा, पुढच्या भेटीची वाट पाहायची नाही. १६०/११० म्हणजे त्याच तासाभरात औषध सुरू व्हायला हवं.

लघवीच्या इन्फेक्शनबद्दल आम्ही अगदी काटेकोर असतो. गरोदरपणात जळजळ नाही, ताप नाही, तरी कल्चरमध्ये जंतू सापडतात, आणि उपचार न केल्यास अशा बऱ्याच जणींचं इन्फेक्शन वर किडनीपर्यंत चढतं. दोन किडन्या असताना एक सुजली, तर दुसरी सांभाळून घेते. इथे सांभाळून घेणारी कुणी नाही. म्हणून पहिल्याच भेटीत कल्चर, आणि उलट्या प्रवाहाचा दोष किंवा जुनी इन्फेक्शनं असतील, तर पुढे दर महिन्याला. नमुना घेण्यातली चूक फार वेळा होते. जागा पाण्याने स्वच्छ करून पुढून मागे पुसायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, आणि डबी लगेच लॅबमध्ये द्यायची. रिपोर्टात 'मिश्र जंतू' आलं, तर तो बहुधा नमुना बिघडल्याचा पुरावा असतो. तो पुन्हा द्यायचा, अंदाजाने अँटिबायोटिक सुरू करायचं नाही. औषध पाच ते सात दिवसांचं, आणि ते संपल्यावर आठवड्याने पुन्हा कल्चर. नायट्रोफ्युरँटॉइन शेवटच्या आठवड्यांत टाळतात, ट्रायमेथोप्रिम पहिल्या तिमाहीत. जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं किडनीला जड जातात, पर्याय असताना ती नकोत. किडनीपर्यंत चढलेलं एखादं इन्फेक्शन किंवा वारंवार होणारी साधी इन्फेक्शनं झाली, तर बाळंतपणापर्यंत रोज रात्री कमी मात्रेचं अँटिबायोटिक चालू ठेवतो.

सोनोग्राफीत 'किडनीला सूज' असं वाचलं, की घाबरगुंडी उडते. गरोदरपणात मूत्रवाहिनी सैलावते आणि गर्भाशयाचा दाबही पडतो, त्यामुळे किडनीचा मधला भाग थोडा फुगणं नेहमीचंच आहे. ते उजव्या बाजूला जास्त दिसतं, कारण गर्भाशय त्या अंगाला कललेलं असतं. मग खरा अडथळा ओळखायचा कसा? मूत्राशयात थोडी लघवी साठवून आईला झोपवतात, कलर डॉपलर (प्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफी) मूत्राशयावर लावतात आणि वाट पाहतात. मूत्रवाहिनीच्या तोंडातून थोड्या थोड्या वेळाने लघवीची पिचकारी पडद्यावर रंगीत ज्योतीसारखी चमकून जाते. ती दिसत राहिली, तर रस्ता मोकळा आहे. काही मिनिटं थांबूनही दिसली नाही, तर कूस बदलायला लावून पुन्हा पाहतात, कारण गर्भाशयाचा दाब हटल्यावर ती दिसू लागते. तरीही नाही आणि क्रिएटिनिन चढतंय, म्हणजे खडा किंवा दाब यांनी वाट अडवली आहे. दोन किडन्या असलेलीचं क्रिएटिनिन अशा वेळी फारसं हलतही नाही. एकीलाच सगळं करायचं असलं, की ते एक-दोन दिवसांत उसळतं आणि लघवी बंदच होऊ शकते. तेव्हा मूत्रवाहिनीत आतून स्टेंट (बारीक नळी) टाकून किंवा पाठीतून किडनीत नळी घालून लघवीला वाट काढून द्यावी लागते, आणि त्यात रात्र जाऊ देत नाहीत. गरोदरपणात स्टेंटवर क्षार लवकर बसतात, म्हणून तो साधारण चार ते सहा आठवड्यांनी बदलावा लागतो. जुळी असतील किंवा गर्भजल जास्त असेल, तर हा दाब आणखी वाढतो. कुशीत कळ येऊन लघवी अचानक कमी झाली, थंडी वाजून ताप आला, किंवा उलट्यांनी पाणीही पोटात ठरेना, तर सकाळची वाट पाहू नये.

विसाव्या आठवड्यानंतर मुख्य लक्ष प्रीएक्लॅम्प्सियावर. प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो ०.३ च्या वर गेला, की आम्ही सावध होतो. आधीपासूनच प्रोटीन जात असलेलीत मात्र हे वाढलेलं प्रोटीन किडनीचं की वारेचं, असा पेच पडतो, आणि तिथे पुन्हा गरोदरपणाआधीचा कागद कामी येतो. वार नीट काम करते आहे का, हे दाखवणारी पीएलजीएफ ही रक्ततपासणी जिथे होते, तिथे हा पेच बराच सुटतो. डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहरा सुजणं, ही लक्षणं आम्ही नवऱ्याला आणि सासू-आईलासुद्धा पाठ करून ठेवायला सांगतो.

बाळाची वाढ २८, ३२ आणि ३६ व्या आठवड्यात मोजतो. गर्भाशय अर्धं असेल, तर १६ ते २४ आठवड्यांत गर्भाशयाच्या तोंडाची लांबीही पाहतो, कारण अशा गर्भाशयात वेळेआधी कळा येणं आणि बाळ पायाळू असणं जास्त वेळा घडतं. किडनी एक आहे म्हणून सिझेरियन करावं लागत नाही. बीपी ठीक, बाळ डोक्याकडून, गर्भाशय नेहमीचं, तर नॉर्मल प्रसूतीच चांगली.

प्रसूतीच्या खोलीत दोन ठिकाणी चूक होते. प्रीएक्लॅम्प्सियात फिट येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात. ते शरीराबाहेर जातं फक्त किडनीवाटे. सुरुवातीचे ४ ग्रॅम शिरेतून सावकाश देता येतात, पण पुढचा दर तासाला १ ग्रॅमचा ओघ क्रिएटिनिन चढलेलं असताना तसाच चालू ठेवला, तर औषध रक्तात साठतं. म्हणून गुडघ्याखाली ठोकल्यावर पायाला बसणारा झटका, श्वासाची गती आणि दर तासाची लघवी पाहत राहायचं. झटका गेला, श्वास मिनिटाला १२ च्या खाली आला, किंवा चार तासांत लघवी १०० मिलिलिटर भरली नाही, की ओघ थांबवायचा. मॅग्नेशियमवरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन उशाशी हवंच.

दुसरी चूक त्याहून साधी आहे आणि म्हणूनच जास्त घडते. सिझेरियननंतरच्या औषधांचा कागद बहुतेक ठिकाणी आधीच ठरलेला असतो : अँटिबायोटिक, पॅरासिटामॉल, आणि दिवसातून दोन-तीनदा डायक्लोफेनॅक हे पेनकिलर. रात्रपाळीची सिस्टर त्या कागदाप्रमाणे सुई देते, तिची चूक नसते. पण रक्तस्राव झालेला, पाणी कमी पडलेलं, बीपी वर-खाली झालेला, अशा वेळी एकुलत्या किडनीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा केटोरोलॅक यांनी मोठा दणका बसू शकतो. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर आणि औषधांच्या कागदावर लाल शाईने लिहून घ्या : 'एकच किडनी. डायक्लोफेनॅक गटातलं औषध नको.' भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही तोंडी सांगा. पॅरासिटामॉल चालतं, आणि ते पुरलं नाही तर डॉक्टर ठरवतील ते दुसरं.

घरी गेल्यावर सैल सोडू नये. बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर जातो, नेमका तेव्हाच घरी बाळाच्या गडबडीत यंत्र कपाटात गेलेलं असतं. पहिला आठवडा रोज मोजा. अंगावर पाजत असताना बीपीसाठी एनालाप्रिल चालतं, त्यासाठी दूध तोडायची गरज नाही. बीपी वाढलेला राहिला, तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळायच्या. तांबी बसवायची असेल, तर आधी गर्भाशयाची घडण दाखवा, कारण दोन पोकळ्या असतील, तर एकीतली तांबी दुसरीचं रक्षण करत नाही. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, प्रोटीन आणि बीपी पुन्हा करून गरोदरपणाआधीच्या आकड्यांशेजारी लिहा. प्रोटीन अजून जात असेल किंवा क्रिएटिनिन मागच्या जागी आलं नसेल, तर किडनीतज्ज्ञांकडे लगेच. सगळं जाग्यावर असेल, तरी वर्षातून एकदा हेच तीन आकडे.

बाळाच्या किडन्या विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना मोजून पाहिलेल्या असाव्यात. तिथे शंका असली, तर जन्मानंतर त्याची सोनोग्राफी होते, पण घाई नसेल तर पहिले दोन दिवस जाऊ द्यायचे. तेव्हा बाळाची लघवीच थोडी असते, त्यामुळे फुगलेली किडनीही सपाट दिसते.